काटलू कुणी खाल्लं

गोंडलच्या आमच्या शेरीत, या गल्लीत, कुणी बाळंत झालं की पहिला निरोप लाभुबेनकडे जाई. काटलू, म्हणजे डिंक, सुंठ आणि पिंपळमूळ घातलेली बाळंतिणीची तुपाळ वडी, त्यांच्यासारखी कुणाला जमत नसे. सोबत सल्ला फुकट. दात येताना मऊ खिचडी, मिसरूड फुटली की दोन रोटले जास्त, पाजणारीला सगळ्यांत भरलेलं ताट आणि साठी उलटली की रात्री मुगाचं पाणी. शेरीतल्या म्हाताऱ्यांचे थंडीतले उडदाचे लाडू त्यांनी याच नियमाखाली बंद केले होते. त्या स्वतः सहासष्टच्या होत्या, पण नियम इतरांसाठी असतात.

धाकटी सून रिंकल दुसऱ्यांदा बाळंत झाली. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, राजकोटला झालेलं. हे सासरी, म्हणजे परीक्षा लाभुबेनची. त्यातून विहीण मंछाबेन आपण पहिल्या खेपेला काय काय खाऊ घातलं ते विसरू देणाऱ्यातल्या नव्हत्या.

काटलू मनासारखं उतरलं. अडचण एवढीच की रिंकलला ते नको होतं. तिला लवकर बारीक व्हायचं होतं, त्यापायी ती जेवणही चिमणीसारखं जेवे. सकाळी वडी आली की सासूला म्हणे, "बा, तुम्हीच संपवा ना. कोण बघतंय?"

लाभुबेन आधी रागावल्या. मग टाकायचं कसं म्हणून एक तुकडा खाल्ला. पुढे दार लोटून रोजच कार्यक्रम सुरू झाला. सुनेची कंबर खूश, सासूची जीभ खूश.

बाळाला मात्र हा करार मंजूर नव्हता. दूध पुरेना, वजन वाढेना. मंछाबेन राजकोटहून येऊन थडकल्या. डिंक जुना होता की तुपात हात आखडला, असं त्यांनी चौघींत विचारलं. समोरच्या जसुबेनच्या लेकीला आठवा लागला होता. आपण काटलू राजकोटहूनच मागवू म्हणतो, असं जसुबेन सहज बोलून गेल्या. लाभुबेनच्या छातीत जळजळ होतीच, ती आणखी वाढली.

वजन करायला आलेल्या नर्सबाईंनी रिंकलला सगळ्यांदेखत विचारलं, तू खातेस काय? रिंकलनं सासूकडे पाहिलं. लाभुबेननी गप्प राहावं तर हाताच्या चवीचं नाव जाणार, बोलावं तर अब्रू.

"काटल्याला नावं ठेवू नका," लाभुबेन म्हणाल्या. "ते हिच्या पोटात गेलंच नाही. मी खाल्लं."

"सगळं?" मंछाबेननी विचारलं.

"सगळं. आणि वेवाण, खरं सांगते, तुमच्यापेक्षा चांगलं झालं होतं."

नर्सबाईंनी दोघींना झापलं. पाजणाऱ्या बाईनं वडी नाही खाल्ली तरी चालेल, पण डाळ, भाजी, रोटला पोटभर हवा. आणि या वयात रोज एवढं तूपगूळ पचतं का, आधी साखर तपासून घ्या. मंछाबेन मुक्कामाला राहिल्या. रिंकलचं ताट संपेपर्यंत समोरून हलत नसत, आणि काटल्याच्या डब्याची किल्ली कमरेला. हळूहळू बाळ पाजल्यावर शांत झोपू लागलं.

मग जसुबेन आल्या. करणारीलाच आवरलं नाही, त्या काटल्यात खोट कसली, असं त्यांचं मत झालं होतं. अट एकच: काटलू आमच्या घरी येऊन करायचं, आणि चव आम्ही बघणार.

काम लाभुबेननी लगेच घेतलं. अटीवरून मात्र दिवेलागणीपर्यंत भांडत बसल्या.