रापणीच्या सभेची टेप

माझ्या हातून चुका फारशा होत नाहीत. झाली ती एकच, आणि ती मी स्वतः हुकूम देऊन वहीत उतरवून घेतली. विचारताच आहात तर ऐका.

देवबागला आमचा रापणकरांचा संघ, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांचा. अध्यक्ष मी. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की पहिली रापण कोण घालणार, हा मोठा मान. त्या वर्षी संघातला बबन म्हणू लागला, "काकानू, पयली रापण तुमी माका कबूल केलास. गेल्या सभेत."

मी कशाला कबूल करीन? तो मान आमच्या घराण्याचा. बाकीच्यांना विचारावं, तर सभेत सगळे एकदम बोलतात. कोणाला काय आठवणार?

"पुरावो आसा," मी म्हटलं. त्या सभेत मी टेप लावला होता. पुतण्याचा जुना. कोणी हात लावू नये म्हणून माझ्या मांडीला टेकवून ठेवलेला.

सून दहावी शिकलेली. तिला वही दिली. "बटण दाब, आयक, बंद कर, लिही. एक शब्द गाळू नको."

चार दिवस चूल आणि टेप. शेवटी म्हणाली, "बाबांनू, एकदा वाचून बघतास?"

"माझेच शब्द. वाचूचे कित्याक?" खरं म्हणजे जोडाक्षरांशी माझं पटत नाही.

पुढच्या सभेत तिलाच वाचायला उभी केली.

"अध्यक्ष: गप रव. कोणीतरी बोलले, ऐकू आले नाही. अध्यक्ष: तुका काय कळता? कोणीतरी बोलले, ऐकू आले नाही. अध्यक्ष: तुझ्या बापाशीक जाळा ओढूक येय नाय, तुका खंयसून येतला?"

टेप माझ्या मांडीशी. दुसऱ्या कोणाचा आवाज त्यात शिरलाच नव्हता. अकरा पानं मी एकटाच भांडत होतो.

मागून कोणी विचारलं, "काकानू, आमी खंय होतो त्या दिवशी?"

सून थांबली. "बाबांनू, फुडला वाचू?"

"वाच. गाळू नको."

"अध्यक्ष: बरां, पयली रापण तू घाल बबन. पण आता तोंड बंद कर."

कोणी हसलं नाही. बबनने तंबाखू मळायला घेतली, एवढंच.

पौर्णिमा झाली. बबनच्या रापणीला बांगडा लागला, किनारा भरून. एक टोपली त्याने आमच्याकडे धाडली आणि निरोप दिला, "फुडच्या सभेक टेप आठवणीन आणा."

बांगडे साफ करता करता सुनेने विचारलं, "ह्या पण वहीत लिवू, बाबांनू?"

"एक शब्द लिहू नको," मी म्हटलं.