मास्तरांच्या ग्रहाचा नकाशा

नानांनी दिवाळी अंकातलं फाडलेलं पान माझ्या ड्रॉइंग बोर्डवर ठेवलं आणि त्यावर बोट टेकवलं.

"भाऊ, हाऊ मन्हा गावना नकाशा शे."

पानावर ठळक छापलं होतं, 'ताम्रलोक ग्रहाचा नकाशा'. काढला होता मीच. मी स्टुलावर बसलो, नानांना बसा म्हणायचंही सुचलं नाही.

गोष्ट सत्तरच्या आसपासची. जळगावच्या एका सरकारी ऑफिसात मी ड्राफ्ट्समन होतो. धरणासाठी जागा शोधायचं आमचं काम. सर्व्हे पार्टी रानात जाऊन उंच-सखल मोजून आणायची, मी त्याचे नकाशे करायचो. जागा मंजूर होईपर्यंत नकाशा कॉन्फिडेन्शियल. घरी बायकोलाही सांगायचं नाही.

फैजपूरचे चौधरी मास्तर माझे जुने स्नेही. शाळेत सायन्स शिकवायचे आणि परग्रहावरच्या गोष्टी लिहायचे. त्या वर्षी दिवाळी अंकासाठी त्यांनी छोटी कादंबरी लिहिली होती. तांबडं आकाश, दोन चंद्र, दरीत वसलेलं शहर. शत्रूची राणी नदीवर भिंत घालते आणि शहर बुडवते. संपादकाला नकाशा हवा होता. मास्तर स्वतः काढलेला घेऊन माझ्याकडे आले.

"मास्तर, तुमची नदी डोंगर चढतेय," मी म्हणालो.

"अहो, दुसरा ग्रह आहे तो."

"तिथली माणसं जमिनीवर चालतात ना? मग पाणीही उतारानंच जाणार."

मास्तरांनी आपला नकाशा पुन्हा बघितला. मग प्रामाणिकपणे म्हणाले, "खरंय. जग आपण रचलं तरी त्याचे नियम मोडायची सोय नाही. वाचकानं एक खोटी नदी पकडली, की माझे दोन चंद्रही गेले." दोन चंद्रांची ग्रहणं त्यांनी वहीत मांडली होती. तिथले लोक काय खातात, मीठ कुठून आणतात, सगळं ठरवलं होतं. जमीन तेवढी राहिली होती.

मी बसलो काढायला. आमच्या धंद्यात सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघेला कंटूर म्हणतात. खरे कंटूर काढत माझं अर्धं आयुष्य गेलं, पण मनानं काढायला गेलो आणि घाम फुटला. जे काढीन ते खोटं दिसायचं. तीन कागद वाया गेले. शेजारच्या टेबलावर यावलच्या पलीकडची, सातपुड्याच्या पायथ्याची एक शीट पडली होती. तशीच दरी, तशीच नदी, भिंतीची जागा आखलेली, पाणी कुठवर चढेल ती रेघसुद्धा. मी ती ट्रेसिंग क्लॉथवर उतरवली, उत्तर दिशा फिरवली आणि गावाच्या नावाच्या जागी 'राजधानी' लिहिलं. कोण ओळखणार? मला तर आपण फार हुशार आहोत असं वाटलं होतं.

नानांनी ओळखलं. सर्व्हेच्या वेळी उंची मोजायची लांब पट्टी धरायला याच माणसाला मजुरीवर घेतलं होतं. दोन महिने ते टेकडी-टेकडीवर पट्टी घेऊन उभे राहिले होते आणि संध्याकाळी कॅम्पवर शीट बघत होते. यावलला बाजाराच्या दिवशी न्हाव्याकडे नंबर लावून बसले असताना हा अंक हाती आला. पान आडवं धरताच गाव दिसलं, आणि गावावर पाणी. ते पान फाडून घेऊन ते थेट आमच्या ऑफिसात आले होते.

"तुमना सर्व्हेवालास्नी माले सांगेल व्हतं, रस्ता व्हई," नाना म्हणाले. आवाज चढला नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "घर बांधाले दगड आनेल शेतस. पाया खंदू का नको, इतलंच सांग."

मी पान घेऊन डेप्युटी साहेबांकडे गेलो. लपवण्यात अर्थ नव्हता.

साहेबांनी पान बघितलं, कपाटातली शीट काढून शेजारी ठेवली.

"हे कुणी केलं?"

"मी, साहेब."

"कुणाच्या परवानगीनं?"

"साहेब, परग्रह होता तो."

"परग्रह गेला खड्ड्यात. त्या माणसाला काही सांगायचं नाही. साइट मंजूर नाही. एक शब्द बोललात तर नोकरी गेली समजा."

बाहेर नाना उभेच होते. माझ्या दोन पोरी शाळेत जात होत्या, हेड ड्राफ्ट्समनची बढती तोंडावर आली होती. मी नानांना बोर्डापाशी आणलं आणि पान पुन्हा पसरलं. मग पेन्सिल घेतली.

"नाना, पाया कुठं घालताय?"

त्यांनी बोट ठेवलं. रेघेच्या पुष्कळ आत.

"सरकारचं मला काही माहीत नाही. पण मास्तरांच्या गोष्टीत इथं पाणी येतं," मी म्हणालो. मग पेन्सिल वरच्या टेकाडावर नेली. "इथं येत नाही."

नानांनी त्या टेकाडावर अंगठ्याच्या नखानं खूण केली. पान घडी करून खिशात घातलं आणि गेले.

मला मेमो मिळाला. बढती गेली आणि मला धुळ्याला रेकॉर्ड रूममध्ये टाकलं. नोकरी राहिली, हे साहेबांचे उपकार. साइट पुढे मंजूर झाली. पाणी भरल्यावर मी मुद्दाम एसटीनं गेलो. टेकाडावर नानांचं दगडी घर उभं होतं, पाणी उंबऱ्याच्या बरंच खाली. माझी रेघ चुकली नव्हती. मला बरं वाटलं, लपवत नाही.

पण आजूबाजूला एकही घर नव्हतं. नानांनी सगळ्यांना पान दाखवलं होतं. गोष्टीच्या पुस्तकावर कोण विश्वास ठेवणार? माणसं शेवटपर्यंत खालीच राहिली आणि मग ट्रकमध्ये बसून गेली. नाना ओट्यावर एकटे, समोर नुसतं पाणी.

चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, "भाऊ, मास्तरनी गोष्टमा गावना लोके कोठे जातस?"

गोष्टीत तळं भरतं आणि पुढचं प्रकरण राणीच्या महालात सुरू होतं. नदी उतारानं वाहते की नाही, हे मी तपासलं होतं. दोन चंद्रांचा हिशेब मास्तरांनी तपासला होता. हे आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं.

मास्तर अजून लिहितात, नकाशासाठी माझ्याकडेच येतात. मी आधी विचारतो, माणसं कुठं जातात? ते सांगितलं की मग पेन्सिल उचलतो.