मासोळीचा झेंडा

झेंडेवहिनी थोड्या रागावल्या की इंग्रजीत बोलत आणि खऱ्या रागावल्या की मराठीत. समोरचा गोरा असला तरी मराठीतच! एकदा बॉयलर दुरुस्त करायला आलेला माणूस दोन कप चहा पिऊन, ‘पार्ट नाही’ म्हणत निघाला. वहिनी दारात आडव्या उभ्या राहिल्या. “चुलीत गेला तुझा पार्ट! थंडीने इथे हाडं गोठलीत, आधी पाणी तापव!” त्याला काय कळलं देव जाणे. पण तो निमूट मागे फिरला आणि संध्याकाळी घर गरम होतं.

त्यांचं आडनाव झेंडे नव्हतं. ते नाव आमच्या बर्मिंगहॅमच्या मराठी मंडळातल्या डॉक्टरांच्या बायकांनी पाडलं, आणि प्रेमाने पाडलं नव्हतं, हे मी आजही ठासून सांगते. वहिनींचे यजमान हॉस्पिटलात रजिस्ट्रार होते, म्हणजे कन्सल्टंटच्या, तिथल्या बड्या साहेबाच्या, हाताखालचे डॉक्टर. अशा माणसाची बायको कारखान्यात मशीनवर बसते, म्हणजे काय! दिवाळीच्या फराळाला एकीने सगळ्यांसमोर विचारलं, “डॉक्टर एवढे मिळवतात, मग ही अवदसा कशाला आठवली तुम्हाला?” वहिनींनी चकली मोडली. “तुमचे डॉक्टर माणसांची कातडी शिवतात, मी कापड शिवते. माझं गिऱ्हाईक बोंबलत तरी नाही.” मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन आले होते, शेजारच्याच घरात. हसता हसता मला ठसका लागला आणि त्या दिवसापासून आमची गट्टी जमली.

तो कारखाना झेंड्यांचा होता. समुद्र कुठल्याही दिशेला गेलं तरी तासन्‌तास लांब, आणि तिथे बसून या बायका बोटींचे झेंडे शिवत. त्यात नॉर्वेच्या जहाज कंपन्यांचं काम बरंच असे, आणि ते वहिनी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. मला त्यांनीच समजावलं, “अगं नंदा, बोटीच्या मागे देशाचा झेंडा असतो तो वेगळा. मधल्या डोलकाठीवर मालकाच्या कंपनीचा असतो, तो हाउस फ्लॅग. देशाचा झेंडा म्हणजे पासपोर्ट, आणि हा म्हणजे आडनाव.” मग लाल कापडावरचा पांढरा तारा, निळ्यावरचं पिवळं कडं, असं एकेक वर्णन चालू व्हायचं. बर्गनच्या एका कंपनीचा झेंडा त्यांचा फार लाडका. हिरव्या कापडावर पांढरी मासोळी. “मासोळीचं तोंड कायम काठीकडे हवं,” त्या म्हणायच्या, “नाहीतर बोट पुढे आणि मासोळी उलटी पळतेय असं दिसतं. बावळट!”

एवढे झेंडे शिवले, पण एकही फडकताना पाहिला नव्हता. कारखान्यातून घड्या घालून खोक्यात जायचे, संपलं. “एकदा मासोळी वर चढलेली बघायचीय गं,” हे मी कितीदा ऐकलं असेल! त्या कंपनीची एक बोट कागदाचे रोल घेऊन पूर्व किनाऱ्यावरच्या हल नावाच्या बंदराला नेमाने यायची. गाडीने तीन तासांचा रस्ता. डॉक्टरांकडे गाडी होती, शनिवार मोकळे असायचे. पण दर वेळी उत्तर ठरलेलं. “बघू, नेक्स्ट मंथ.” तळ्याकाठच्या हॉटेलात कन्सल्टंटबरोबर जेवायला जायला त्यांना नेक्स्ट मंथ लागत नसे. त्यांचा तो ‘नेक्स्ट मंथ’ ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि वहिनी, ज्या जगाला फाडून खायच्या, त्या नवऱ्यापुढे नुसत्या मान डोलवायच्या. मला त्यांचाही राग यायचा.

कुंकवाचं प्रकरण याच मासोळीवरून झालं. नवी बोट आली की तिच्यासाठी नवा झेंडा जायचा, आणि नव्या वस्तूला हळदकुंकू लावल्याशिवाय घराबाहेर सोडायचं नाही ही वहिनींची शिस्त. झेंड्याला काठीच्या बाजूला कॅनव्हासची पट्टी असते, तिच्या आत बोटभर लावायच्या, कुणाला दिसायचं नाही. एका झेंड्याचं खोकं वाटेत भिजलं. कुंकू पाझरलं आणि मासोळीच्या तोंडातून लाल ओघळ! झेंडा परत आला. रक्ताचा डाग समजून मॅनेजर हादरला होता. त्याने घरी फोन केला, तो नेमका डॉक्टरांनी घेतला.

आणि डॉक्टरांनी काय करावं? बायकोला एक शब्द न विचारता चॉकलेटांचा मोठा डबा घेऊन कारखान्यात गेले आणि मॅनेजरची माफी मागून आले. म्हणाले, “माय वाइफ इज फ्रॉम अ व्हिलेज, यू सी.” व्हिलेज! वहिनी पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या, बी.ए. झालेल्या. ज्या गावात शाळेसाठी नदी ओलांडावी लागायची, त्या गावातून हे स्वतः आले होते. मला हे कळलं तेव्हा हातातली कपबशी फेकावीशी वाटली. वहिनी दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरसमोर जाऊन उभ्या राहिल्या. “माझ्या नवऱ्याने काल इथे एक सॉरी ठेवलंय, ते मी परत न्यायला आलेय. झेंडा द्या, मासोळी उसवते आणि नवी लावते.” मॅनेजर त्यांना जन्मभर वचकून होता. चॉकलेटं मात्र सगळ्या बायकांनी खाऊन टाकली, ती काही परत आली नाहीत.

पुढे एकोणीसशे नव्वदच्या सुमारास ती कामं आटत गेली. नॉर्वेतली एखादी कंपनी विकली जायची, दुसरी तिसरीत मिसळायची, बोटी भलत्याच देशाच्या नावावर चढायच्या. एक कंपनी गेली की तिचा नमुना कारखान्यातल्या फळ्यावरून उतरायचा. वहिनी म्हणायच्या, “आज अजून एक घराणं बुडालं.” मग एक दिवस मॅनेजरनेच सांगितलं की मासोळीवाली कंपनीही विकली गेली. नवे मालक महिन्याअखेरीला झेंडा बदलणार. त्याआधी दोन शनिवार बोट हलला असेल.

त्या संध्याकाळी मी तिथेच होते. वहिनी पहिल्यांदाच हट्टाने बोलल्या. “अहो, या शनिवारी जाऊ या. नंतर तो झेंडा राहणार नाही.” डॉक्टर पेपरमधून वर न बघता म्हणाले, “या शनिवारी कसं जमेल? कन्सल्टंट जेवायला येतायत ना! बोट पुढच्या शनिवारीही आहे म्हणतेस, मग काय पळून जातेय?” मी म्हटलं, “वहिनी, मी नेते तुम्हाला, माझ्या मिनी गाडीतून. जेवण हॉटेलातून आणू दे यांना.” डॉक्टर माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिले, जशी काही मी त्यांची बायको पळवतेय. वहिनींनी त्या शनिवारी लँबचं रोस्ट केलं, कोथिंबिरीच्या वड्या केल्या, श्रीखंड केलं. कन्सल्टंटबाईंना श्रीखंडाने सर्दी झाली म्हणे.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघी हलला गेलो. डॉक्टरांना कॉन्फरन्स होती. गेटवरचा माणूस पासशिवाय सोडेना. “सॉरी, लव्ह.” वहिनींनी त्याला आधी इंग्रजीत आणि मग मराठीत सुनावलं, तेव्हा त्याने बोटीवर फोन लावला. कुंपणातून बोट समोर दिसत होती. मागे देशाचा झेंडा होता. मधली डोलकाठी रिकामी होती.

एक तरुण नॉर्वेजियन ऑफिसर गेटपर्यंत आला. सभ्य होता बिचारा. म्हणाला, करार लवकर झाला, मंगळवारी झेंडा उतरवला, नवा अजून आलेला नाही. “लास्ट सॅटर्डे इट वॉज अप. गुड विंड, टू.” वहिनींनी विचारलं, “मग तो जुना कुठेय? मला द्या, मी शिवलाय.” तो ओशाळला. इंजिनरूमवाल्यांना पुसायला कापड हवं होतं, त्यांनी फाडून घेतला. वहिनी त्याला “थँक यू” म्हणाल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं! बर्मिंगहॅम येईपर्यंत मी स्टिअरिंगवर दात खात गाडी हाकत राहिले. घरी डॉक्टर टीव्हीसमोर बसले होते. “झाली बघून बोट?” त्यांनी विचारलं. “झाली,” वहिनी म्हणाल्या आणि कुकर लावायला गेल्या.

त्यानंतर चारेक वर्षांनी वहिनी गेल्या. कॅन्सरने, फार हाल न होता, एवढंच बरं. मंडळाने हॉल घेऊन शोकसभा ठेवली. ज्यांनी नाव पाडलं होतं त्याच बायका डोळ्यांना रुमाल लावून पुढच्या रांगेत. मी ते गिळलं. मग डॉक्टर बोलायला उभे राहिले. “माझ्या हिला झेंड्यांचं फार वेड,” ते म्हणाले. “मी तिचा तो छंद नेहमी जपला. एकदा तर मुद्दाम तिला हलला घेऊन गेलो. तिच्या हातचा झेंडा बोटीवर फडकताना पाहिला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तो क्षण मी कधी विसरणार नाही.” लोक हळहळले. आणि त्या माणसाच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं हो! मुद्दाम खोटं बोलत असता तर मी एकवेळ सोडलं असतं. त्याला ते सगळं खरं वाटत होतं.

मी उठले. “तुम्ही नेलं नव्हतं, डॉक्टर. मी नेलं होतं. आणि वर झेंडा नव्हता. आदल्या शनिवारी होता. त्या शनिवारी वहिनी तुमच्या साहेबांसाठी रोस्ट करत होत्या.”

“अगं नंदा, खाली बस, शोकसभा आहे,” मागून कुणीतरी माझा पदर ओढला. अध्यक्षांनी घाईघाईने दोन मिनिटं शांतता पाळण्याची विनंती केली. सगळा हॉल उभा राहिला, माना खाली गेल्या. मी आधीच उभी होते. मी बोलत राहिले.