थर्झाबाईंच्या घरचे सात आमदार

थर्झाबाई ब्लॉजेट भित्र्या होत्या आणि हे त्या कोणापासून लपवत नसत. घोड्याच्या मागून त्या कधी गेल्या नाहीत. जिन्यात कोणी मोठ्याने बोललं तरी त्यांच्या हातातल्या बशा वाजू लागायच्या. अशा बाईने चौदा वर्षं आमदारांना जेवू घातलं याचं मार्शफर्ड या राजधानीच्या गावात सगळ्यांना नवल वाटे; कारण आमदार म्हटला की मोठ्याने बोलणारच.

नवरा अमेरिकेच्या यादवी युद्धात गेला, तोही गोळी लागून नव्हे, छावणीच्या इस्पितळात देवी येऊन. मागे राहिलं ते विधानभवनापासून दोन गल्ल्यांवरचं दुमजली लाकडी घर. दर दोन वर्षांनी जानेवारीत अधिवेशन भरलं की खेड्यापाड्यांतले आमदार बॅगा घेऊन खोल्या शोधत फिरत आणि त्यातले आठ-दहा थर्झाबाईंकडे उतरत. जेवणाच्या टेबलाशी शेगडीच्या बाजूला रिपब्लिकन बसायचे, खिडकीच्या बाजूला डेमोक्रॅट. हा नियम बाईंनी केलेला नव्हता, पाहुण्यांनीच पाडला होता. कोणत्या बाजूची सॉसेजची ताटली आधी रिकामी होते त्यावरून त्या वर्षी कोणाचं पारडं जड आहे हे बाईंना वर्तमानपत्राच्या आधी कळायचं.

अठराशे सत्त्याहत्तर साली मात्र टेबलाला एकच बाजू होती. मेजर डेलाप या रिपब्लिकन पुढाऱ्याने डिसेंबरातच येऊन सगळं घर ठरवून टाकलं होतं. त्या काळी वॉशिंग्टनला जाणारा सिनेटर लोक निवडत नसत, राज्याचे आमदार निवडत. आणि त्या वर्षी आकडे मोठे विचित्र पडले होते. दोन्ही सभागृहं मिळून दीडशे आमदार. त्यांत डेमोक्रॅट चौऱ्याहत्तर, रिपब्लिकन त्र्याहत्तर आणि उरलेले तिघे एका नव्याच पक्षाचे. सोन्याची वाट न बघता सरकारने भरपूर कागदी नोटा छापाव्यात असं त्यांचं म्हणणं, म्हणून सगळे त्यांना नोटवाले म्हणत. मेजरांनी तिन्ही नोटवाले आपल्या बाजूला वळवले होते. शहात्तर विरुद्ध चौऱ्याहत्तर. वळवलेला माणूस पुन्हा वळू शकतो, हे मेजरांइतकं कोणाला ठाऊक असणार? म्हणून ते तिघे आणि आपल्याच पक्षातले चार डळमळीत, असे सात जण त्यांनी एका छपराखाली आणून ठेवले. रोज सकाळी ते सातही जणांना रांगेने सभागृहात नेत आणि संध्याकाळी रांगेनेच परत आणत. समोरचा न्हावी दारात उभा राहून म्हणायचा, "निघाली बदकं."

या सातांतला सगळ्यांत गरीब स्वभावाचा माणूस म्हणजे एनॉस क्रम. दक्षिणेकडच्या डोंगराळ जिल्ह्यातला मेंढपाळ, साठीचा, नोटवाला. जेवताना त्याची थट्टा चालायची.

"क्रम, लोणी तरी खरं खाता, की तेही कागदी?" फिंच नावाचा जाडा रिपब्लिकन विचारायचा.

"लोणी कुठलंही चालतं," क्रम म्हणायचा. "फक्त बँकेतून आलेलं नको."

जानेवारीअखेरच्या सोमवारी क्रम न्याहारीला उतरला नाही. कंबर धरली आहे, म्हणाला. अंगात ताप होता. बाईंनी गरम विटा फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवल्या. मंगळवारी त्याने ताप फार असल्याने काहीच खाल्लं नाही. बुधवारी सकाळी बाई दलिया घेऊन वर गेल्या तर तो उठून बसला होता. ताप उतरला होता.

"आज बरं वाटतंय, ब्लॉजेटबाई," तो म्हणाला. "उद्याच्या मतदानाला नक्की जातो बघा."

बाईंनी खिडकीचा पडदा सरकवला. त्याच्या कपाळावर आणि मनगटांवर पुरळ उठलं होतं. बाईंनी एका पुळीवर बोट ठेवलं. ती मऊ नव्हती. कातडीखाली छरा असावा तशी टणक होती.

बाईंना नवव्या वर्षी देवी आल्या होत्या. गालांवर आणि नाकावर वण होते. ते बोट त्यांनी आधीही एकदा असंच ठेवलेलं होतं, स्वतःच्या हातावर. दलियाचा वाडगा त्यांनी खाली ठेवला आणि जिना कसा उतरल्या हे त्यांना नंतर आठवलं नाही.

मेजर दिवाणखान्यात चिरूट ओढत होते. बाईंनी सांगितलं. मेजर वर गेले, दारातूनच आत बघितलं आणि खाली आले.

"कांजिण्या आहेत," ते म्हणाले. "माझ्या पोरांना झाल्या होत्या."

"कांजिण्या मऊ असतात, मेजर."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही."

"मग?"

बाईंचा हात आपसूक गालाकडे गेला. मेजरांनी ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. ते कधी आवाज चढवत नसत, आणि बाईंना त्यांची भीती वाटायची ती त्यामुळेच.

"बसा. हिशेब सोपा आहे, बाई. एकटा क्रम नाही आला तरी आमचे पंचाहत्तर उरतात. समोर चौऱ्याहत्तर. पुरतात. पण तुमच्या दाराला साथीच्या रोगाचं पिवळं निशाण लागलं की हे घर तीन आठवडे बंद. सातही जण आत. मग आमचे किती उरले?"

"एकोणसत्तर."

"बघा, तुम्हालाही येतं. उद्या दुपारी बाराला मतदान आहे. एकदा ते झालं की हवं तर अख्ख्या घराला पिवळा रंग द्या." त्यांनी चिरुटाची राख झटकली. "आणि आधीच लावलंत निशाण, तर लोक म्हणतील, डेमोक्रॅटांनी बाईला फितवलं. पुढच्या अधिवेशनाला तुमच्याकडे कोण उतरेल? विचार करा. एक दिवसाचाच प्रश्न आहे."

बाई हो म्हणाल्या. भित्र्या माणसाला हो म्हणणंच सोपं जातं. तरी मेजरांनी एक माणूस पुढच्या दाराशी आणि एक मागच्या दाराशी उभा केला, आमदारांच्या रक्षणासाठी.

मग मेजर बाईंना घेऊन स्वयंपाकघरात गेले. तिथे कामाला असलेली उर्सुला बटाटे सोलत होती. ती जर्मन होती, पन्नाशीची, आणि रोज संध्याकाळी नदीकाठच्या चाळीत आपल्या पाच नातवंडांकडे जायची.

"आज घरी नाही जायचं, उर्सुला," मेजर म्हणाले.

"का? माझ्या पोरांना कोण वाढेल, मेजर?"

"सून आहे ना तुझी?"

"सुनेच्या हातचं खाण्यापेक्षा पोरं उपाशी झोपतील." मग तिने बाईंचा चेहरा पाहिला आणि सुरी खाली ठेवली. "मालकीणबाई, काय आहे वरती?"

बाईंनी कुजबुजत सांगितलं. उर्सुलाने बाही वर सारून दंडावरची जुनी खूण दाखवली. "मला काही होत नाही. आमच्या बव्हेरियात लस टोचल्याशिवाय शाळेत घेत नव्हते." आणि मग तिचा आवाज बदलला. "पोरांना मात्र नाही टोचलेली. इथे कोण विचारतं." सोमवारपासून क्रमच्या चादरी तीच धूत होती. ती खुर्चीवर बसून राहिली, ओले हात मांडीवर उलटे ठेवून, जणू ते हात दुसऱ्याचे होते.

दुपारी बाई पुन्हा वर गेल्या. क्रम भिंतीकडे बघत पडला होता.

"खरं सांगा, बाई. मेजर म्हणतात कांजिण्या."

"कांजिण्या नाहीत."

"शनिवारी मी सभागृहात होतो," तो म्हणाला. "अंगात कणकण होती. बोटं थरथरत होती तेव्हा कोटाची बटणं पेरी जिल्ह्याच्या म्हाताऱ्याने लावून दिली. डेमोक्रॅट आहे तो, तरी लावून दिली." मग तो म्हणाला, "निवड झाली की आठ दिवस सुट्टी आहे ना?"

"शुक्रवारपासून."

"म्हणजे हे सगळे घरी जाणार."

"हो."

"आगगाडीने."

मतदारसंघांबद्दल आमदार नेहमी एक गोष्ट फुशारकीने सांगत, ती बाईंना आठवली: राज्यात असा कोपरा नाही की जिथला माणूस इथे बसलेला नाही. टेबलाशी क्रमच्या शेजारी बसून, त्याच्याच भांड्यातलं सफरचंदाचा मुरंबा वाढून घेतलेले सहा जण शुक्रवारी सहा जिल्ह्यांत उतरणार होते. बायका ठेसनावर येतील. मुलं गळ्यात पडतील. आठ-दहा दिवस कोणाला काही कळणार नाही. मेजरांची भीती आणि ही भीती, यांतली कोणती मोठी हे बाईंना ठरवता येईना. त्या रात्री त्या झोपल्या नाहीत.

गुरुवारी न्याहारीला सहाही जण नवे कोट घालून बसले होते. फिंचने विचारलं, "म्हातारबुवा उठले नाहीत अजून? मतदान त्यांच्याशिवायच करायचं?"

"झोपू दे त्याला," मेजर म्हणाले. "मी गाडी घेऊन येतो. दहा वाजता सगळे दारात हवेत."

ते गेल्यावर बाई स्वयंपाकघरात आल्या. "उर्सुला, घरात पिवळं काय आहे?"

उर्सुलाने विचार केला. "माझा फ्लॅनेलचा परकर आहे. आतून घालायचा."

"दे."

"देते. पण मला परत पाहिजे."

"परत मिळणार नाही. जाळावा लागेल."

उर्सुलाने खालचा ओठ चावला आणि परकर आणून दिला. नाडी तिने स्वतःच फाटकाला बांधायजोगी ओढून दिली.

पुढच्या दाराशी उभ्या माणसाने परकर हातात घेऊन येणाऱ्या बाईंकडे पाहिलं आणि तो हसला. बाईंना अडवावं असं त्याला वाटलंच नाही. वाळत घालायला चालल्या असतील. बाईंनी फाटकाच्या खांबाला नाडीची गाठ मारली. ती तीनदा सुटली. चौथ्यांदा बसली तेव्हा समोरच्या न्हाव्याने ते पाहिलं, आत गेला, दार लावलं आणि खिडकीही. दाराशी उभा असलेला माणूस हसायचा थांबला. मग तो चालायला लागला, आणि कोपऱ्यापर्यंत पोचेतो पळत होता.

आत आमदारांना कळलं तेव्हा घर दणाणलं. फिंच टोपी घालून थेट पायरीपर्यंत आला. "कोणी सांगितलं तुम्हाला हे करायला? डेमोक्रॅटांनी? बोला की."

बाई फाटकाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात मेजरांची गाडी आली. गाडीवानाने परकर पाहिला आणि गल्लीच्या तोंडाशीच घोडे थांबवले. मेजर उतरून चालत आले आणि फाटकापासून वीस पावलांवर उभे राहिले.

"काढा ते, बाई," ते शांतपणे म्हणाले. "कांजिण्या आहेत. फिंच, चला सगळे. वेळ होतोय."

बाईंना रडू येत होतं. पण फाटक त्यांनी स्वतःच उघडलं. "या ना आत, मेजर," त्या म्हणाल्या. "कांजिण्याच असतील तर वर या. त्याच्या हाताला हात लावून बघा. मग मी काढते."

मेजर हलले नाहीत. सगळी गल्ली बघत होती. पडद्याआडून, पण बघत होती. मेजरांनी घड्याळ काढून पाहिलं, परत ठेवलं. पाय मात्र पुढे टाकला नाही.

फिंच ते बघत होता. त्याने एकदा मेजरांकडे पाहिलं, एकदा त्यांच्या बुटांकडे. मग टोपी काढली आणि पायरीवर बसला. "माझी धाकटी सहा महिन्यांची आहे," तो कोणालाही उद्देशून नाही, असाच म्हणाला. बाकीचे त्याच्या मागच्या दाराने परत आत गेले.

बारा वाजून गेल्यावर विधानभवनाकडून आरोळ्या ऐकू आल्या. चौऱ्याहत्तर विरुद्ध एकोणसत्तर.

गावचे आरोग्याधिकारी डॉक्टर हॅस्केल दुपारीच आले. त्यांनी क्रमला पाहिलं, सगळ्यांना लस टोचली, आणि खरं निशाण लावून परकर जाळला. त्यांनी चाळीतल्या पाच पोरांनाही टोचलं. ते चाळीकडे निघाले तेव्हा उर्सुला खिडकीतून ओरडून पोरांची नावं सांगत होती. रिपब्लिकन वर्तमानपत्राने बाईंना विकाऊ म्हटलं. डेमोक्रॅटांनी आभार म्हणून एक मोठा हॅम पाठवला, आणि बाई त्याला मेजरांपेक्षाही जास्त घाबरल्या. तो त्यांनी फाटकाबाहेरच राहू दिला. शेवटी कुत्र्यांनी खाल्ला.

क्रम नवव्या दिवशी गेला. बाराव्या दिवशी फिंचला आणि आणखी एकाला ताप भरला. लस उशिरा टोचली होती तरी कामी आली, दोघेही वाचले. बाई त्यांच्या उशाशी बसत आणि रोज वर्तमानपत्रातल्या जिल्ह्यांच्या बातम्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत.

चौथ्या आठवड्यात, शेवटच्या खपल्या गळल्यावर, डॉक्टर निशाण काढायला आले. बाई त्यांच्यामागून पायरीपर्यंत गेल्या.

"गावात आणखी कोणाला?"

"कोणालाच नाही. जे झाले ते तुमच्याच घरात."

"आणि बाहेर? क्ले जिल्ह्यात?"

"नाही."

"वेनमध्ये?"

"नाही, बाई."

"ग्रीनमध्ये? हार्टमध्ये?" त्या एकेक नाव घेत गेल्या आणि डॉक्टर नाही म्हणत गेले. सगळे जिल्हे बाईंना पाठ होते; कोणत्या जिल्ह्याला कांदा चालत नाही हेही पाठ होतं. पेरीचं नाव त्यांनी शेवटी घेतलं, आणि घेताना पायरीचा कठडा धरला.

डॉक्टरांनी खिशातून पत्र काढलं. "पेरीच्या डॉक्टरांचं आहे. म्हातारा ठीक आहे. मका दळायला स्वतः गिरणीवर गेला होता, लिहिलंय."

"कधीचं आहे पत्र?"

"परवाचं."

"म्हणजे काल आणि आज राहिलेच," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी घालायला घेतलेली टोपी हातातच ठेवली आणि ते पायरीवर बसले. "उद्या पुन्हा लिहितो," ते म्हणाले. "सुरुवातीपासून विचारा."

बाई त्यांच्या शेजारी बसल्या. "क्ले," त्या म्हणाल्या.