व्हीसीडीतली आई

बहिणीच्या लग्नाची व्हीसीडी काल नव्या, मोठ्या टीव्हीवर लावली. आई पंगतीत जिलबी वाढत होती, पण तिच्या चेहऱ्याचे नुसते चौकोन झाले होते. आई जाऊन चार वर्षं झाली. हलतीबोलती अशी ती एवढीच उरलीय आमच्याकडे.

तेव्हा शूटिंगवाल्याने बजावलं होतं, "डीव्हीडी करून घ्या. व्हीसीडीत चित्र फार दाबावं लागतं, बारकावे जातात." मीच म्हणालो, "आपल्याकडे डीव्हीडी प्लेअर कुठंय?" मूळ कॅसेट त्याने पुढच्या लग्नाला वापरून टाकली. आज सकाळी एका दुकानात विचारलं, तर तिथला माणूस म्हणाला, "साहेब, चित्र मोठं करून देतो, पण गेलेलं कुठून आणू?"

माणूस समोर असतं तेव्हा ओळखण्यापुरतंच बघतो आपण त्याच्याकडे. आईच्या कानाच्या पाळीवर तीळ होता. उजव्या की डाव्या, यावर माझं आणि बहिणीचं आता जमत नाही.

काल बाबा मात्र व्हीसीडी बघता बघता खुर्ची सरकवत पार मागच्या भिंतीपर्यंत गेले. चष्मा काढून त्यांनी मांडीवर ठेवला.

"आता दिसतेय," ते म्हणाले. "लाव परत."