झोपलेल्या आईचं चित्र

चित्राखाली कार्ड चिकटवलं होतं. ‘बेवारस’.

त्या कार्डासमोर माझी आई उभी. चष्मा सारखा करून तिने दोनदा वाचलं. मग मला विचारलं, "ही मीच ना गं? मग बेवारस कोण?"

परळच्या जुन्या गिरणीच्या जागेवरचा टॉवर, त्यातली गॅलरी. माझं पहिलं प्रदर्शन. करी रोडच्या चाळीतून आई ठेवणीतली पांढरी साडी नेसून आली होती.

चित्रात ती झोपलीय. तीस वर्षं हॉस्पिटलात आयाबाई होती. रिटायर झाली आणि दुसऱ्या दिवशी चक्क अकरा वाजेपर्यंत झोपली. तोंड उघडं, एक पाय चादरीबाहेर, पाठीवर ऊन. ते बघून मला इतकं हलकं वाटलं, की ब्रश टाकून बोटांनीच पिवळा थापत सुटले. जन्मात पहिल्यांदा आत धाकधूक नव्हती. तेच कॅनव्हासवर उतरलं, दुसरं काही नाही.

गॅलरीवाल्या बाईंना त्यात प्रेत दिसलं. मला न विचारता नाव बदलून मोकळ्या. जाब विचारला तर हसल्या. "अगं, तुमच्या लोकांच्या चित्रात वेदनाच हवी. झोपलेली बाई कोण बघणार?"

आम्ही बौद्ध. ‘तुमच्या लोकांच्या’ म्हणजे काय, ते बरोबर कळलं. वर पाहुण्यांना म्हणाल्या, "ह्या तिच्या आई. आयुष्यभर पेशंटची घाण काढली ह्यांनी." पाहुणे च् च् करत आईकडे बघायला लागले. आईने सरबताचा ग्लास तसाच खाली ठेवला.

शी! त्यांची किळस आलीच, पण माझीही आली. कॉलेजात सर म्हणायचे, "तुझ्यात राग असणार, काळा वापर." मी मुकाट वापरायचे. मार्क चांगले पडायचे. ही सवय मीच लावली होती ह्यांना.

मी कार्ड उपटलं. चित्र भिंतीवरून उतरवलं.

"वेडी झालीस का? करिअर संपेल तुझं!" बाई ओरडल्या.

"संपू दे. माझी आई जिवंत आहे."

दोघींनी चित्र दोन बाजूंनी धरलं आणि चालत घरी आलो. वाटेत आई एवढंच म्हणाली, "तोंड तरी मिटलेलं काढायचंस."

त्यानंतर एकाही गॅलरीने बोलावलं नाही. नका बोलावू. मी रोज रंगवते. रडू आलं तर रडू, हसू आलं तर हसू. पण माझ्या आत काय आहे हे मला न विचारता ठरवणाऱ्याने माझ्या चित्रासमोर उभंसुद्धा राहायचं नाही.