गिरजाबाईच्या अंगणातलं प्लास्टिकचं गवत

गिरजाबाईचं आणि गवताचं जुनं वैर होतं. सिंदेवाहीच्या राइस मिलवाल्या मालकाच्या भाताच्या बांध्यांत तिने तीस वर्षं काढली. पावसाळ्यात रोवणी, मग निंदण, मग कापणी. हात असे तयार झाले होते की लग्नाला गेली तरी मांडवाच्या खांबाशी उगवलेलं गवत ती बोलता बोलता उपटून ठेवायची. गुडघ्यांनी रजा मागितली तेव्हा कुठे बाई घरी बसली. बसली म्हणजे काय, आपल्याच अंगणात राबू लागली.

अशा बाईच्या दारात तिच्या मुलाने, खुशालने, १९८६च्या जानेवारीत गवत आणून टाकलं. तेही प्लास्टिकचं. खुशाल नागपूरला मंडप-डेकोरेशनवाल्याकडे कामाला होता. एक मोठं प्रदर्शन संपलं, तिथलं हिरवंगार अंथरलेलं गवत मालक मोडीत काढणार होता, ते याने मागून घेतलं आणि एसटीच्या टपावर टाकून थेट घरी आणलं. बारा फूट लांब, आठ फूट रुंद. गुंडाळी उलगडली आणि अख्खं अंगण हिरवं झालं.

गिरजाबाईला हसू आवरेना. "जनमभर गवत उपटलं रे बाबा, अन् तू आता घरी गवत आणून राह्यला?"

खुशाल मात्र हसला नाही. "माय, त्या बंगल्यातलं आठवते का तुले?"

न आठवायला काय झालं? मालकाच्या बंगल्यापुढे हिरवळ होती. बांध्यांत काम नसलं की गिरजाबाई तिथे उकिडवी बसून मोथ्याचं तण उपटायची. सहा वर्षांचा खुशाल एकदा मायची वाट बघत त्या हिरवळीवर टेकला. माळी ओरडत आला, "ए, गवतावर पाय ठेवू नोको!" आणि कान पिरगाळून त्याला फाटकाबाहेर घालवून आला. गिरजाबाईने पाहिलं आणि मान खाली घालून मोथा उपटत राहिली. पोटासाठी गिळलेल्या गोष्टी पुष्कळ होत्या, पण ही तिच्या घशाखाली कधी उतरली नाही.

"बुद्धपौर्णिमेले येतो मी," खुशाल म्हणाला. "तवा मले तू याच्यावर बसलेली दिसली पायजे. बाकी काई नाई मागत."

तो गेला. दुसऱ्याच दिवशी घोटाळा झाला. गिरजाबाई पहाटे उठली आणि चाळीस वर्षांच्या सवयीने शेणाचा सडा अंगणभर शिंपडून मोकळी झाली. उजाडलं तेव्हा हिरव्या गवतावर पिवळे-तपकिरी ठिपके. अर्धा दिवस जुना दातांचा ब्रश घेऊन ती पात्यापात्यातलं शेण काढत बसली. शेजारणींची चांगली करमणूक झाली.

त्या दिवसापासून ती सावध झाली. लेकाने आणलेली वस्तू, त्याला दाखवायची ती नवीकोरीच दाखवायची. ऊन चढलं की प्लास्टिक तापून मऊ पडतं हे ध्यानात आल्यावर दुपारी त्यावर ओली बारदानं पडू लागली. संध्याकाळी लाकडी कंगव्याने पाती उभी करायची. तेही रोवणीच्या रीतीने, कमरेत वाकून, मागे मागे सरकत. रोवणीवाली बाई कधी पुढे चालत नाही, नाहीतर लावलेल्यावर तिचाच पाय पडेल. विंचरता विंचरता गिरजाबाई कुंपणाला टेकायची, मग वळसा घालून मागच्या दाराने घरात. गवतावर बसायचं राहूनच जायचं. आज नको, आताच विंचरलंय. उद्या बसू.

अडचण झाली ती अमिनाची. अमिना गावोगाव बांगड्या विकायची. वीस वर्षं झाली, फिरून आली की डोक्यावरची टोपली गिरजाबाईच्या अंगणात उतरवायची, पोत्यावर बैठक मारायची आणि दोघींचा चहा व्हायचा. आता अंगण गवताने अडवलं आणि अमिनाला मिळाला मागच्या दारातला दगड.

"काऊन वो गिरजाबाई," ती चिडवायची, "गवत हाये का नवी सून? बसू बी नाई देत, हात बी नाई लावू देत!"

गिरजाबाई हसून वेळ मारून न्यायची.

एप्रिलच्या शेवटी एका संध्याकाळी अमिना नवरगावहून पायी आली. पायाला फोड आलेले, चेहरा उन्हाने करपलेला. दगडापर्यंत जायचं त्राण नव्हतं. तिने टोपली उतरवली आणि सरळ गवतावर पाय टाकला.

"ए! गवतावर पाय ठेवू नोको!"

शब्द तोंडातून सुटला आणि गिरजाबाईलाच चटका बसला. तोच शब्द, तोच आवाज. अमिनाने पाय मागे घेतला, टोपली उचलली आणि निघून गेली. चुलीवरचा चहा उकळून उकळून आटला.

चार दिवस अमिना फिरकली नाही. पाचव्या दिवशी गिरजाबाई नेहमीसारखी विंचरत मागे मागे सरकली आणि पाठ कुंपणाला लागली तशी थांबली. समोर गवत होतं, एकही पातं वाकडं नाही. आणि आपण? आपण बाहेरच. मालकाने पगार देऊन माळी ठेवला होता, आपण तर फुकटात झालो, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःची मनस्वी लाज वाटली. कंगवा तिथेच टाकून ती तडक अमिनाच्या घरी गेली.

"चाल वो, चहा ठेवतो."

"मले दगड टोचते," अमिना मान वर न करता म्हणाली.

"दगडावर कोन बसवते तुले? मी चुकली, अमिना. मी बी एकदाई बसली नाई त्याच्यावर. एकटीले बसवतच नाई. तू चाल."

अमिनाने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग ओढणी सावरून उठली.

गवताच्या काठाशी दोघी थबकल्या. गिरजाबाईने लुगडं सावरलं, अमिनाचा हात घट्ट धरला आणि पाय टाकला. एक, दोन, तीन पावलं. मधोमध जाऊन दोघी मांडी घालून बसल्या.

"या अल्ला, बोचते वो हे!" अमिना ओरडली.

गिरजाबाईने तळहात फिरवून पाहिला. खरंच बोचत होतं. "एवढंसंच होय?" ती म्हणाली. "याच्यापायी माह्या लेकराचा कान पिरगाळला?" आणि ती हसायला लागली. हसता हसता डोळ्यांना पदर लावला, मग पुन्हा हसली. अमिनाने तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या दिवशी चहा तीनदा झाला.

बुद्धपौर्णिमेला खुशाल आला. पांढरं लुगडं नेसून माय विहारातून परतलेली, घरात खिरीचा वास. त्याने अंगण निरखलं. गवतावर चहाचा डाग होता, फुटक्या बांगडीची काच चमकत होती आणि मधोमध दोन ठिकाणी पाती पार चेपली होती. मंडपाच्या कामाच्या सवयीने खाली वाकून तो ती बोटांनी उभी करू लागला.

"राहू दे," गिरजाबाई दारातून म्हणाली. "त्या आमच्या जागा हायेत."